हाल्ब त्सेन म्हणजे साडेदहा नव्हे (जर्मन शिकणाऱ्यांचा धागा)

सूरसागरकाठची

गेल्या शनिवारी माझी फजिती झाली, ती आधी सांगते म्हणजे धाग्याचं नाव कळेल.

माझा जर्मनचा वर्ग ऑनलाइन असतो. बाई पुण्याच्या, कडक. शुक्रवारी रात्री ग्रुपवर त्यांचा निरोप आला, तोही जर्मनमधून: उद्या वर्ग 'हाल्ब त्सेन' वाजता. हाल्ब म्हणजे अर्धा, त्सेन म्हणजे दहा, हे दोन्ही मला घडाघडा येतं. झालं, साडेदहा! सकाळी निवांत पूजा आटोपली, खंडेराव मार्केटात जाऊन पापडी आणली, निवडलीसुद्धा, आणि दहा पंचविसाला लॅपटॉप उघडला. वर्ग संपत आला होता. बाई म्हणाल्या, "काकू, हाल्ब त्सेन म्हणजे साडेनऊ." बाकी सगळी पंचविशीच्या आतली पोरं. कुणी हसलेलं ऐकू आलं नाही, पण सगळ्यांनी एकदम माइक बंद केले.

रात्री भाकरी थापताना उलगडा झाला. आपण मुलाचं वय कसं सांगतो? नऊ पूर्ण झाली की 'त्याला दहावं लागलं'. जर्मन माणूस घड्याळ तसं वाचतो. नऊ वाजून गेले की दहावा तास लागला, आणि तो अर्धा सरला की हाल्ब त्सेन. हेच बाईंनी पूर्वी इंग्रजीतून समजावलं होतं, तेव्हा या कानातून त्या कानातून गेलं. 'दहावं अर्धं झालं' म्हटल्यावर आता जन्मात विसरणार नाही.

तेव्हापासून मला वाटतंय की आपण उगाच इंग्रजीच्या खांद्यावर बसून जर्मन शिकतो आणि तिथून पडतो. मराठी घेऊन गेलो तर बरंच काम आधीच झालेलं असतं. मी 'आय अ‍ॅम कोल्ड'वरून 'इश बिन काल्ट' म्हटलं, बाईंनी लाल केलं. बरोबर आहे 'मिर इस्ट काल्ट'. मिर म्हणजे मला. अहो, आपण कधी 'मी थंड आहे' म्हणतो का? मला थंडी वाजते! आवडतं ते मला आवडतं, त्यांनाही 'एस गेफेल्ट मिर'. पदार्थ चवीला लागतो तो मला लागतो, 'एस श्मेक्ट मिर'. (सगळीकडे नाही जमत. भूक आपल्याला लागते, त्यांच्याकडे ती नुसती असते: इश हाबं हुंगर.)

आणखी एक. 'कारण मी आजारी आहे' हे जर्मनमध्ये 'वाइल इश क्रांक बिन'. कारण, मी, आजारी, आहे. शब्दामागे शब्द ठेवा, एकही हलवायला नको. वर्गातली इंग्रजी माध्यमाची पोरं इथे क्रियापद पुढे ओढतात. मी ओढत नाही. माझी चूक साध्या वाक्यात होते, कारण तिथे मात्र त्यांना क्रियापद दुसऱ्या जागी लागतं आणि मी ते सवयीने शेवटी नेऊन ठेवते.

माझ्याबद्दल: वय ५९, बँकेतून निवृत्त, दांडिया बाजार, बडोदा. लेक हानोव्हरला, नातू साडेचार वर्षांचा. घरात मराठी बोलतात, पण किंडरगार्टनमधून आला की दोन तास तो फक्त जर्मन. व्हिडिओ कॉल नेमका त्याच दोन तासांत होतो. तेवढ्यासाठी हा खटाटोप.

तुम्ही घरातून, गाण्यांतून, सिरियलींतून, कुठूनही जे शिकलात ते टाका.

मांडवी_४

काकू, मस्त धागा. आकडे राहिले. बावीस म्हणजे दोन आणि वीस. त्यांचं 'त्स्वायउंडत्स्वान्त्सिश', दोन-आणि-वीस. आधी एकम, मग दशक, आपल्यासारखंच. मी कॉलेजात असताना नेना या जर्मन बँडच्या त्या १९८३ च्या फुग्यांच्या गाण्यावरून शिकलो. नॉयनउंडनॉयन्त्सिश लुफ्टबालोन्स, म्हणजे नऊ-आणि-नव्वद, नव्व्याण्णव! नंतर इंग्रजीत गायलं तेव्हा फुगे लाल झाले, मूळ जर्मन नावात रंग नाहीच. लुफ्ट म्हणजे नुसती हवा.

फक्त एकोणीस, एकोणतीसची गंमत त्यांच्याकडे नाही. ते सरळ नऊ-आणि-वीस म्हणतात.

अडचण निराळीच आहे. माझ्या चिरंजीवांना हा फायदा मिळणार नाही. काल विचारत होते, "बाबा, एकोणसत्तर म्हणजे किती?" त्याला आधी मराठी शिकवू की जर्मन?

कोष्टकवाली

विरस करते, माफ करा. मी बी-टू (सहा पायऱ्यांतली चौथी, ए-वन पहिली) पूर्ण केलंय आणि दोन वर्षं मुलांना शिकवतेय. गाणी आणि सिरियली बघून भाषा येते हा मोठा भ्रम आहे. डेर-डी-डास (त्यांचे तो-ती-ते) आणि त्यांची चार विभक्तींची कोष्टकं पाठ केल्याशिवाय एक वाक्य धड होत नाही.

आणि मराठीचा आधार किती घ्यायचा? मराठीत तीन लिंगं आहेत म्हणून सोपं, असं सगळे सांगतात. जेवणाच्या टेबलावरच बघा: चमचा डेर, काटा डी, सुरी डास. तीन वस्तू, तीन लिंगं. आपला काटा तो, त्यांचा ती. आपली सुरी ती, त्यांची ते. आपला सूर्य तो, त्यांची झोनं ती. चंद्र तेवढा दोघांकडे पुरुष. मराठी लिंग लावून गेलात तर तीनात दोनदा आपटाल.

अर्धी_गुजराथण

कोष्टकवाली, लिंग जुळत नाही हे मान्य. पण लिंग असतं आणि ते वस्तूच्या स्वभावावर ठरत नाही, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. माझ्या हिंदी भाषक मैत्रिणीचं 'निर्जीव टेबलाला पुरुष कसं म्हणायचं'वरून सुरू होत नाही, पण 'डास'वर अडतं. तिच्याकडे नपुंसकलिंगच नाही. आपल्याकडे आहे, आणि इथल्या गुजरातीतही आहे.

डास मेडशन हा तर सगळ्यांचा आवडता विनोद ना? मुलगी, आणि नपुंसक! इंटरनेटभर खिल्ली. आपण काय करतो? 'ते पोरगं', 'ते लेकरू', 'ते कार्टं'. सासूबाई म्हणतात 'पेलुं छोकरुं'. छोटं केलं की नपुंसक झालं. जर्मनचा 'शन' प्रत्यय हेच करतो. ब्रोट म्हणजे पाव, ब्रोएटशन म्हणजे छोटा गोल पाव, तोही डास. शेवटी शन दिसलं की डोळे मिटून डास लावा.

बाकी प्रत्ययांचंही तसंच. आपल्याकडे '-ता' लागला की ती (मानवता), '-पणा' लागला की तो (शहाणपणा), '-त्व' लागलं की ते (महत्त्व). हे कुणी पाठ केलं होतं? त्यांच्याकडे उंग, हाइट, काइट ही तिन्ही शेपटं स्त्रीलिंगी. नुसत्या एवढ्यावर माझी ए-टूची निम्मी डोकेदुखी गेली. (डोकेदुखी: कोप्फश्मेर्त्सन. डोकं अधिक दुखणं. बघा!)

उच्चाराचं एक. जर्मन झेड म्हणजे 'त्स', आणि तो मराठीत तयार आहे: चमचा, चाक, चोर यांतला च. आमचे हे जन्माने गुजराती, ते 'चमचा' चहातल्या च-ने म्हणतात आणि त्सेन म्हणताना घाम फुटतो. पंधरा वर्षं मी त्यांचा चमचा सुधारत होते, शेवटी जर्मनमुळे सुधारला.

कोष्टकवाली

प्रत्ययांचा मुद्दा आवडला, वर्गात वापरेन. विभक्तीवर ठाम आहे.

सूरसागरकाठची

विभक्तीवर मीही ठाम आहे गं. पण आमच्या वेळी शाळेत 'द्वितीया स, ला, ते' तालावर घोकून घेतलं होतं, म्हणून दातिव्ह (त्यांची 'ला'ची विभक्ती) ऐकून मी घाबरले नाही. फरक एवढाच की आपण नाम वाकवतो, मुलगा-मुलाला. ते नामाला सहसा हात लावत नाहीत, पुढचं आर्टिकल वाकवतात, डेर-चं डेम.

मकरपुऱ्याचा_फिटर

माझं जर्मन ना वर्गातलं ना सिरियलमधलं. मी १९८९ ला मकरपुरा जीआयडीसीत (इथल्या औद्योगिक वसाहतीत) लागलो. कंपनीचं नाव राहू दे. तिथे एक सेकंडहँड जर्मन प्रेस आला. सगळ्या पाट्या जर्मन, माहितीपुस्तक जर्मन, आणि ते वाचणारा कोणी नाही.

त्यावर मोठं लाल गोल बटण होतं, भुईछत्रीसारखं. खाली इंग्रजी लिपीत एन-ओ-टी, मध्ये आडवी रेघ, मग ए-यू-एस. आम्ही वाचलं 'नॉट'. नॉट म्हणजे नाही, म्हणजे हात लावायचा नाही. सुपरवायझरने तर वर चिकटपट्टी मारली, चुकून कुणाचा धक्का लागू नये म्हणून. एके दिवशी एका पोराचं फडकं रोलरमध्ये ओढलं गेलं, फडक्याबरोबर बाही. आम्ही सगळे भिंतीपलीकडच्या मेन स्विचकडे धावलो. पोरगा वाचला, शर्ट फाटून सुटला.

दोन महिन्यांनी मुंबईहून सर्व्हिस इंजिनिअर आला. चिकटपट्टी बघून त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, हे 'नोट-आउस'. नोट म्हणजे संकट, आउस म्हणजे बंद. संकटात दाबायचं बटण तेच!

त्या दिवशी मी वही केली. आइन चालू, आउस बंद. आउफ उघडं, त्सू मिटलेलं. लिंक्स डावं, रेख्ट्स उजवं. आख्टुंग, फोरझिश्ट: सावधान, जपून. ड्रुक म्हणजे दाब. असे शंभरेक शब्द झाले. व्याकरण शून्य. आज नातीला ती वही दाखवली तर तिला त्यातले वीस येत नव्हते, आणि ती म्हणे ए-वन पास आहे.

मांडवी_४

काका, दंडवत. अंगावर काटा आला. हा स्वतंत्र धागा व्हायला हवा.

साक्सनीत_सध्या

मूळचा फतेहगंजचा, सात वर्षं इकडे, पूर्व जर्मनीतल्या साक्सनीत. काकूंच्या मुद्द्याला पुरवणी.

पुस्तकांत जे धड शिकवत नाहीत ते म्हणजे मधले चिमुकले शब्द. दोख, माल, या, हाल्ट. यांचं भाषांतर विचारलं की सगळे खांदे उडवतात. मराठी माणसाने खांदे उडवायचं कारण नाही, आपली भाषा याच फोडणीवर चालते: की, ना, च, बरं, जरा, हो.

पहिल्या वर्षी बेकरीत माझ्या पुढच्या आजीबाईंना विक्रेतीने विचारलं, "पिशवी नको ना?" आजीबाई एकच शब्द म्हणाल्या: "दोख!" हवीय की! 'हो' म्हटलं तर हो नको की हो हवी, हा घोळ. 'दोख' म्हणजे तुझं 'नाही' खोडून माझं 'हो'. आपला 'की' तेच करतो. "तू आला नव्हतास ना?" "आलो होतो की!"

"कोम माल हेर" म्हणजे "ये जरा इकडे". माल काढलात तर हुकूम होतो. "दास इस्ट या टॉयर" म्हणजे "महागच आहे की हो हे". हा 'या' होकाराचा नाही, आपल्या च-चा भाऊ आहे.

ऑफिसात दुपारी बाराच्या सुमारास जिन्यात भेटलेला माणूस 'मालत्साइट' म्हणतो. शब्दशः जेवणवेळ. मी आधी दचकायचो, याला माझ्या जेवणाशी काय करायचंय? मग आठवलं, रावपुऱ्यात दुपारी भेटणारा प्रत्येकजण 'जेवण झालं का' विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. आणि दोन मित्र भेटले की एक म्हणतो "ना?", दुसराही म्हणतो "ना?". संभाषण पूर्ण. आपलं "काय?" "काय नाय."

काकूंच्या हाल्ब त्सेनबद्दल: इकडे एका वेफर बिस्किटाची जाहिरात आहे, क्नोपर्सची. 'मॉर्गन्स हाल्ब त्सेन इन डॉइचलांड', सकाळचे साडेनऊ, जर्मनीत. वर्षानुवर्षं चाललेली, कुणालाही विचारा. ते बिस्किट म्हणजे 'फ्र्यूश्ट्युकशन', छोटीशी न्याहारी. शन आलं, म्हणजे डास.

आणि आमच्या साक्सनीत घड्याळ आणखी मराठी आहे. सव्वानऊला 'फियर्टेल त्सेन', दहावं पाव झालं. पावणेदहाला 'ड्रायफियर्टेल त्सेन', दहावं पाऊण झालं. हानोव्हरला असं म्हणू नका, तिकडे पावणेदहा म्हणजे 'फियर्टेल फोर त्सेन', दहाला पाव कमी. खुद्द जर्मन लोकच यावरून भांडतात.

कमाटीबागेत_सकाळी

अवांतर. साक्सनी म्हणालात म्हणून. क्रुम्बिगल नावाचा बागतज्ज्ञ ड्रेस्डेनकडचा होता. लंडनच्या क्यू बागेत काम करून बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत आला, संस्थानच्या बागा पाहायचा. पुढे म्हैसूरकरांनी नेला आणि बंगळूरच्या लालबागेत त्याचं नाव झालं. आणि आपल्या म्युझियमचे संचालक हर्मान गोएट्झ, तेही जर्मन. आपण आत्ता कुठे ए-वन करतोय, गावात जर्मन माणूस शंभर वर्षांपूर्वीच वावरून गेलाय.

साक्सनीत_सध्या

ड्रेस्डेनकडचा? मग तो घरी ड्रायफियर्टेलच म्हणत असणार. बागेतले मराठी माळी 'पावणे' म्हणत असतील आणि याला बरोब्बर कळत असेल. (हलके घ्या, पुरावा नाही.)

जेव्हातेव्हा_ओटीटी

सिरियलींचं कोणी बोलतच नाही, म्हणून मी. 'डार्क' बघून जर्मन शिका असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. २०१७ ते २०२०, तीन सीझन, मी दोनदा पाहिली, जबरदस्त आहे. पण त्यात माणसं पावसात उभी राहून पुटपुटतात, आणि कोण कुणाचा बाप हे मराठीतून सांगितलं तरी कळत नाही. त्यातून माझ्या हाती लागले 'वान?' म्हणजे केव्हा, एवढाच शब्द आणि एक निराशा.

सुरुवातीला 'निकोज वेग' बघा. डॉइच वेले या जर्मन प्रसारणसंस्थेची फुकट मालिका, ए-वनपासून बी-वनपर्यंत. स्पेनचा निको येतो, बॅग हरवते, मग तो विचारत फिरतो. विषय साधा: बॅग, पत्ता, खोली, भाडं. दोन मिनिटांचा तुकडा, खाली सराव.

कान तयार झाला की 'टाटओर्ट'. दर रविवारी रात्री सव्वाआठला, १९७० पासून चालू असलेली पोलिसी मालिका, प्रत्येक शहराचा वेगळा तपासनीस, त्यामुळे बोलीही वेगवेगळी. आपल्याकडे गणपतीच्या आरतीला जसं सगळं घर येऊन उभं राहतं, तसं ते रविवारी टाटओर्टला बसतात म्हणे.

सूरसागरकाठची

निको मीही पाहते. पण मला सगळ्यात जास्त दिलं ते 'माउस'ने. 'डी झेंडुंग मिट डेर माउस', मुलांचा कार्यक्रम, १९७१ पासूनचा. नारिंगी उंदीर, निळा हत्ती. मध्ये एखादी वस्तू कशी बनते ते दाखवतात, सावकाश आणि सोप्या वाक्यांत. सुरुवातीची ओळख आधी जर्मनमध्ये, मग दर वेळी वेगळ्या परक्या भाषेत, आणि शेवटी ती कुठली भाषा ते सांगतात. नातू आणि मी कॉलवर एकत्र बघतो. भाषा ओळखण्यात तो हरतो तेव्हाच मराठीत बोलतो, रागाने.

फ्रिजवर चिठ्ठ्याही लावल्यात. फ्रिज म्हणजे क्यूलश्रांक, थंड कपाट. टीव्ही म्हणजे फेर्नझेअर. फेर्न दूर, झेअन पाहणे. अहो, दूरदर्शनच! इस्पितळ क्रांकनहाउस, रुग्णालयच की. हातमोज्यांना हांडशूअ, म्हणजे हाताचे बूट. आपण मोजे म्हणतो, ते बूट म्हणतात, हसायचं कुणी कुणाला? मोलकरीण चिठ्ठी बघून म्हणाली, "काकी, कपाटावर कपाट का लिहिलंय?" तिला क्यूलश्रांकचा अर्थ मीच सांगितला होता.

अर्धी_गुजराथण

हानोव्हरला जाणार असाल तर एक सांगून ठेवते. जेवण झाल्यावर 'पोट भरलं'साठी 'इश बिन फोल' म्हणू नका. त्याचा अर्थ चढलीय असाही घेतात. 'इश बिन झाट' म्हणा. आमचे हे मैत्रिणीच्या जर्मन सासऱ्यांपुढे पहिलं वाक्य बोलले, एक थेंब न पिता. सासऱ्यांनी उठून पाण्याचा जग आणून दिला.

नको_तो_खर्च

फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप आहे. फोनपुढे बोला, जर्मन बाहेर येतं. कशाला एवढी मेहनत?

सूरसागरकाठची

साडेचार वर्षांचं पोरगं फोन हिसकावून घेतं आणि त्यावर ट्रॅक्टरचे व्हिडिओ लावतं. म्हणून.

परवाचं सांगते. तो खिडकीपाशी उघडा बसला होता, लेक मागून स्वेटर घेऊन ओरडत होती. मी धीर करून विचारलं, "इस्ट दिर निश्ट काल्ट?" तुला थंडी नाही का वाजत? तो फोनकडे न बघता म्हणाला, "दोख." आणि स्वेटर घातला. साक्सनीत, तुमचा प्रतिसाद मी आदल्याच रात्री वाचला होता.

साक्सनीत_सध्या

काकू! याच्यावर पार्टी हवी, आलो की सेव उसळ तुमच्याकडून.

बोलण्याचा सराव हवा असेल तर रविवारी भेटू या ऑनलाइन. कोष्टकवाली, तुम्हीही या, आमच्या चुका काढायला कोणीतरी हवं. फिटरकाका, वही घेऊन. बडोद्याच्या घड्याळाने संध्याकाळी ड्रायफियर्टेल आख्ट.

मांडवी_४

आख्ट म्हणजे आठ ना? चालेल, पावणेनऊला हजर.

सूरसागरकाठची

पावणेआठ रे!